लोहाचे दार आणि कॅडमियम: माती परीक्षणात दोन नोंदी वाढवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रेल्वेमार्गालगत आणि नाल्यांच्या काठी पिकणाऱ्या पालेभाज्यांचा विषय वृत्तपत्रांतून दर दोनचार वर्षांनी वर येतो. काळ्या पाण्याशेजारी तरारलेल्या लाल माठाचे छायाचित्र छापले जाते, काही दिवस घरोघर भाजीवाल्याला "कुठली आहे?" असे विचारले जाते, कुठे तरी वाफे उखडले जातात आणि विषय मागे पडतो. ठाण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी तीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले, त्यामुळे या चर्चेतील एक उणीव मला सतत जाणवते. भाजी घाण की स्वच्छ एवढाच प्रश्न आपण विचारतो. रोप मातीतून नेमके काय उचलते, ते का उचलते आणि कोणत्या अवयवात साठवते, हा प्रश्न कोणी विचारत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञांनी गेल्या चार दशकांत याच प्रश्नाचा फार बारकाईने पाठपुरावा केला आहे आणि त्यातून कॅडमियम या विषारी धातूविषयी हाती आलेली एक गोष्ट आपल्या ठाणे-नवी मुंबई परिसराने तातडीने लक्षात घ्यावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

अमेरिकेतील डार्टमथ येथील शास्त्रज्ञ मेरी लू गेरिनॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोह आत घेण्याची क्षमता गमावलेले यीस्ट त्यांनी घेतले आणि मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या इवल्या रोपाची जनुके त्यात घालून पाहिली. ज्या जनुकामुळे ते उपाशी यीस्ट पुन्हा वाढू लागले, त्याला आयआरटी-१ असे नाव मिळाले. या जनुकापासून तयार होणारे प्रथिन मुळाच्या बाहेरच्या पेशींवर बसते आणि मातीतील लोह आत आणते. पुढे असे दिसून आले की हे दार लोहापुरते मर्यादित नाही. जस्त आणि मँगनीज त्यातूनच आत येतात आणि कॅडमियमही येते. विद्युतभार सारखा आणि आकारमान जवळपासचे, एवढ्यावर ते प्रथिन त्यांना आत घेते. पिकांचे पोषण आणि पिकांतील विषारी धातू हे दोन वेगळे विषय आहेत असे आपण धरून चालतो, प्रत्यक्षात ते मुळाच्या एकाच पेशीपाशी एकत्र येतात.

याचा परिणाम शेतात कसा होतो, ते पाहावे. रोपाला लोह कमी पडले की ते अशी दारे वाढवते. देशावरच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत उसावर किंवा सोयाबीनवर केवडा पडतो, म्हणजे कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, तेव्हा शेतकरी लोहाची उणीव ओळखतो. जमिनीत लोह भरपूर असते, पण मातीचा सामू (पीएच) जास्त असल्याने ते विरघळत नाही. अशा भुकेल्या रोपाजवळ कॅडमियम असेल, तर ते लोहासाठी उघडलेल्या दारांतून आत जाते. माणसाच्या आतड्यातही असेच घडते. शरीरात लोह कमी असलेली व्यक्ती अन्नातले कॅडमियम जास्त शोषून घेते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत. भाजीतल्या कॅडमियमचा विचार या आकड्यापासून वेगळा करता येत नाही, कारण ती भाजी निवडणारी, चिरणारी आणि "लोह मिळते" म्हणून आग्रहाने खाणारी हीच स्त्री आहे.

कॅडमियम एकदा शरीरात शिरले की मूत्रपिंडात साठते आणि निम्मे बाहेर पडायलाही दहा ते तीस वर्षे लागतात. जपानमधील कामिओका खाणीचे सांडपाणी जिंझू नदीत उतरत होते आणि खाली तोयामा प्रांतात त्या नदीवर भातशेती होती. तिथल्या, मुख्यतः अनेक बाळंतपणे झालेल्या प्रौढ स्त्रियांची हाडे ठिसूळ होऊन मोडू लागली. वेदनेने त्या जे शब्द उच्चारत, तेच रोगाचे नाव झाले: इताई-इताई, म्हणजे "दुखतंय, दुखतंय". १९६८ साली जपान सरकारने प्रदूषणामुळे झालेला आजार म्हणून त्याला अधिकृत मान्यता दिली. त्या खोऱ्यातील शेतांची वरची माती बदलून जमीन पुन्हा लागवडीयोग्य करायला तीन दशकांहून अधिक काळ लागला. ठाणे-बेलापूर पट्ट्यात तशी स्थिती आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. मोजमाप न करता कोणत्याही वाफ्यावर किंवा कारखान्यावर आरोप करणे अन्यायाचे आहे आणि मोजमाप न करता सारे ठीक आहे असे मानणेही तितकेच गैर आहे.

"भाजी इतकी टवटवीत आहे, मग तिच्यात विष कसे असेल?" हा प्रश्न मला सुशिक्षित माणसांनीही विचारलेला आहे. शास्त्रात धातुसहनशीलता असा शब्द आहे आणि त्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. सहनशील रोप म्हणजे धातूपासून दूर राहिलेले रोप नव्हे. १९८५ साली जर्मनीतील ग्रिल, विनाकर आणि झेंक यांनी दाखवून दिले की कॅडमियम आत आल्यावर वनस्पती गंधकयुक्त लहान साखळ्या तयार करतात, ज्यांना फायटोकेलॅटिन म्हणतात. या साखळ्या धातूला बांधून टाकतात आणि ती गाठोडी पेशीतील रिक्तिकेत, म्हणजे पेशीच्या कोठीत, बंद करून ठेवली जातात. रोपाची कामे त्यामुळे बिनबोभाट चालू राहतात, पान हिरवेगार राहते आणि ती भरलेली कोठी पानासकट आपल्या ताटात येते. ही सहनशीलता रोपाची आहे, खाणाऱ्याची नाही.

वर्गात मी दरवर्षी एक साधा प्रयोग करून घेत असे. मोड आलेले मूग तीन वाट्यांत ठेवायचे, एकीत नळाचे पाणी, दुसरीत मोरचुदाचे अगदी फिकट द्रावण, तिसरीत त्याहून थोडे तीव्र. चौथ्या दिवशी पहिल्या वाटीत मुळे बोटभर वाढलेली असत, तिसरीत ती आखूड, जाड आणि तपकिरी होऊन थांबलेली असत. तांबे हे पिकाला लागणारे सूक्ष्म अन्नद्रव्य, द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणातून आपण तेच फवारतो, तरी प्रमाण थोडे वाढताच मूळ थांबते, ही गोष्ट मुलींच्या मनावर पाठ्यपुस्तकातील दहा पानांपेक्षा अधिक ठसत असे. या प्रयोगाची दुसरी बाजू मात्र मी त्यांना तोंडीच सांगत असे, कारण ती वर्गात करून दाखवण्यासारखी नव्हती. अमेरिकेतील मृदाशास्त्रज्ञ रूफस चेनी यांनी १९८० साली माती आणि वनस्पती यांच्या आडकाठीची कल्पना मांडली. तांबे, जस्त, निकेल हे धातू जमिनीत फार वाढले, तर माणसाला अपाय होण्याआधी पीकच खुरटते आणि शेतकऱ्याला सूचना मिळते. शिसे बहुतांशी मातीला आणि मुळाला धरून राहते. कॅडमियम मात्र ही आडकाठी ओलांडते, कारण रोपाला त्रास होण्याच्या कितीतरी आधीच ते माणसाला अपायकारक पातळीवर पानात पोचलेले असते. अन्नमानकांच्या आंतरराष्ट्रीय संहितेत, म्हणजे कोडेक्समध्ये, पालेभाजीतील कॅडमियमची मर्यादा किलोमागे ०.२ मिलिग्रॅम आहे. पाच टन भाजीत एक ग्रॅम, इतकी ती सूक्ष्म आहे. डोळ्यांनी, वासाने किंवा चवीने ती कोणालाही कळणार नाही.

आता आपल्या जमिनीविषयी. माझे माहेर खाडीकाठचे. खारेगाव, खारघर या नावांतच इथल्या जमिनीचा गुण लिहिलेला आहे. बांधबंदिस्ती करून, उघाडीवाटे पावसाचे पाणी बाहेर सोडून आणि भरतीचे पाणी अडवून आमच्या मागच्या पिढ्यांनी खाजणात भात पिकवले. त्यासाठी त्यांच्याकडे राता नावाच्या तांबड्या भाताच्या जाती होत्या, काळा राता आणि भुरा राता, ज्या खारेपणा सोसत. सोडियम हाही धातूच, त्यामुळे खाजणातला भात हीदेखील धातुसहनशीलतेचीच गोष्ट आहे. भात खारेपणा कसा सोसतो याचे एक उत्तर २००५ साली मिळाले. बंगालच्या नोना बोकरा या खारसहनशील भातातील एक जनुक मुळाकडून वर चढणाऱ्या रसातून सोडियम परत काढून घेते, म्हणजे ते पानांपर्यंत कमी पोचते. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीसाठी पनवेल-१, पनवेल-२ आणि पनवेल-३ या भाताच्या जाती दिल्या, हे आपल्या भागाला अभिमान वाटावे असे काम आहे आणि नवी मुंबईत वाढलेल्या किती मुलांना ते ठाऊक असेल, हा विचार मला अस्वस्थ करतो.

खाऱ्या जमिनीचा कॅडमियमशी थेट संबंध आहे, म्हणून ती इथे आणली. मिठातील क्लोराइड कॅडमियमशी जोडले जाते, त्याला मातीच्या कणांवरून सुटे करते आणि पाण्यात खेळते ठेवते. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात खारे पाणी दिलेल्या बटाट्याच्या शेतांत हे दिसून आले. मातीत कॅडमियमचे प्रमाण तेवढेच असले, तरी क्लोराइड वाढले की बटाट्यात ते अधिक उतरते. खाडीलगतच्या जमिनी, त्यांच्यावर सत्तरच्या दशकापासून पडलेला भराव, शेजारून गेलेला औद्योगिक पट्टा, महामार्ग आणि लोहमार्ग हे सारे एकत्र असलेली जागा महाराष्ट्रात तपासणीसाठी पहिल्या क्रमांकावर असायला हवी. शिसेयुक्त पेट्रोल देशात २००० साली बंद झाले, पण त्याआधी रस्त्याच्या कडेला पडलेले शिसे मातीतून आपोआप नाहीसे होत नाही.

आणि नेमकी इथेच तपासणी अपुरी पडते. २०१५ पासून शेतकऱ्यांना जमीन आरोग्य पत्रिका दिली जाते. तिच्यात बारा नोंदी असतात: सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगनीज) आणि बोरॉन. योजना चांगली आहे, तिच्यामुळे जस्ताची कमतरता गावोगाव कळू लागली. भातावरचा खैरा हा रोग म्हणजे जस्ताची उणीव आहे, हे पंतनगर येथे डॉ. य. ल. नेने यांनी १९६६ साली ओळखले होते, त्या ज्ञानाचे हे शेतापर्यंत पोचलेले रूप आहे. परंतु या बारा नोंदींत कॅडमियम नाही आणि शिसेही नाही. दोन वर्षांपूर्वी ओळखीच्या एका भाजी उत्पादकाच्या वाफ्यातील माती घेऊन मी एका माती परीक्षण केंद्रात गेले. तेथील कर्मचारी सौजन्याने वागले, पण "हे आमच्या यादीत नाही" एवढेच उत्तर मिळाले. त्या माणसाला आपली माती कशी आहे हे मनापासून जाणून घ्यायचे होते आणि तो रिकाम्या हाताने परत गेला.

या उत्तराचे मला वाईट वाटले, कारण अडचण वाटते तेवढी मोठी नाही. माती परीक्षणात जस्त, लोह, तांबे आणि मंगल मोजण्यासाठी डीटीपीए नावाच्या रसायनाच्या द्रावणात माती हलवून अर्क काढतात. लिंडसे आणि नॉर्वेल यांनी १९७८ साली ही पद्धत पक्की केली. त्याच अर्कात पिकाला उपलब्ध असलेले कॅडमियम आणि शिसेही उतरते. तो अर्क ज्या अणुशोषण यंत्रावर मोजतात, त्यात प्रत्येक धातूसाठी वेगळा दिवा बसवावा लागतो. म्हणजे माती तीच, अर्क तोच, यंत्र तेच. हवे आहेत दोन दिवे, तुलनेसाठीची प्रमाण द्रावणे आणि छापील पत्रिकेवर दोन ओळी. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतील प्रयोगशाळांनी निदान खाडीलगतच्या, नाल्याकाठच्या आणि औद्योगिक क्षेत्राला लागून असलेल्या जमिनींसाठी या दोन नोंदी सुरू कराव्यात, अशी कृषी विभागाला आणि ठाणे व नवी मुंबई महानगरपालिकांना माझी विनंती आहे. नमुना ज्या वाफ्यातून घेतला, त्याच वाफ्यातली भाजीही त्याच दिवशी तपासली जावी आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले जावेत.

आकडे हाती आल्यावर काय करावे, याचे ज्ञानही उपलब्ध आहे. सगळी पिके कॅडमियम सारखे उचलत नाहीत. पालकासारख्या पालेभाज्या सर्वाधिक साठवतात, मुळे आणि कंद त्यांच्या मागे, फळभाज्या आणि शेंगा त्याहून बऱ्याच कमी. ज्या जागी आकडा थोडा चढा असेल, तिथे पालक-माठाऐवजी भेंडी, दुधी, चवळी घ्यावी. आम्ल मातीत चुना आणि भरपूर शेणखत घातले की धातू बांधला जातो, जस्ताची उणीव भरून काढली की कॅडमियमला वाव कमी मिळतो. आकडा फारच चढा असेल, तर तिथे झेंडू लावावा. दसऱ्याला दादरच्या बाजारात झेंडू कधी पडून राहत नाही. वाफे उखडून टाकणे हा उपाय मला मान्य नाही. त्या वाफ्यांवर राबणारी कुटुंबे परगावाहून आलेली, दुसऱ्याच्या जागेवर कसणारी आहेत, त्यांनी माती बिघडवलेली नाही आणि पर्याय न देता त्यांना हुसकावले, तर ती पुढच्या नाल्याकाठी जाऊन तेच पीक घेतील.

भाताच्या बाबतीत पाण्याचे व्यवस्थापन महत्त्वाचे ठरते. शेतात पाणी उभे असेल तोवर कॅडमियम गंधकाशी जखडून राहते. दाणा भरताना पाणी काढून टाकले, की ते सुटून दाण्यात जाते. अखंड पाणी ठेवावे, तर आर्सेनिक वाढते, कारण ते भाताने सिलिका घेण्यासाठी ठेवलेल्या दारातून शिरते. हे दार २००६ साली जियान फेंग मा यांच्या जपानमधील गटाने शोधले. भातात कॅडमियम मुख्यतः मँगनीजच्या दाराने येते, हे २०१२ साली कळले आणि त्याच वर्षी कोशिहिकारी या जपानी भाताचे, कार्बन किरणांच्या माऱ्याने ते दार बिघडलेले वाण पुढे आले. त्याच्या दाण्यात कॅडमियम जवळजवळ नसते. आपल्याकडच्या पैदासकारांनीही ही दिशा धरावी, असे मला वाटते.

महाराष्ट्राने पोषणयुक्त वाणांत चांगले पाऊल टाकले आहे. लोह अधिक असलेली धनशक्ती बाजरी राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या सहभागातून आली, लोह आणि जस्त अधिक असलेली परभणी शक्ती ज्वारी परभणीहून आली. पोषण आहारात आणि अंगणवाड्यांत या धान्यांना हक्काची जागा मिळावी. मात्र लोह आणि जस्त जास्त उचलणारे वाण निवडताना त्याच दाण्यातील कॅडमियमही प्रत्येक वेळी मोजले जावे, कारण जादा दारे कोणासाठी उघडली, हे मोजल्यावरच कळते.

गच्चीवर भाजी लावणाऱ्यांची संख्या ठाण्यात आणि वाशी-नेरुळकडे वाढते आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. भाजी धुतल्याने पानावरची धूळ आणि तिच्यासोबतचे शिसे बरेच जाते, पानाच्या आतले कॅडमियम जात नाही. घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएम (दहा लाखांत ९० भाग) ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगांत शिसे जास्त असू शकते, त्यामुळे जुन्या इमारतीचा रंग खरवडला जात असेल, तेव्हा कुंड्या झाकून ठेवाव्यात आणि रंगाचे जुने डबे कुंड्या म्हणून वापरू नयेत. शहरी कंपोस्ट विकत घेताना पिशवीवरील तपशील वाचावा. खत नियंत्रण आदेशात त्यासाठी कॅडमियमची मर्यादा किलोमागे ५ मिलिग्रॅम आणि शिशाची १०० मिलिग्रॅम आहे.

धातू शोषणारी झाडे लावून जमीन स्वच्छ करता येईल का, असे माझे विद्यार्थी आजही विचारतात. ठाण्याच्या जुन्या चुन्याच्या भिंतींवर उगवणारे टेरिस व्हिटाटा हे नेचे आर्सेनिक प्रचंड प्रमाणात साठवते, हे २००१ साली कळले तेव्हा मला झालेला आनंद अजून आठवतो. पण अशा रोपांनी शेत स्वच्छ व्हायला अनेक वर्षे जातात आणि कापलेला पाला धातूने भरलेला असल्याने त्याचीही विल्हेवाट लावावी लागते. मोहरीवरही असे प्रयोग झाले आहेत. अशा जागेवरची मोहरी भाजीबाजारात येणार नाही याची खात्री असल्याशिवाय तो मार्ग धरू नये.

पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात वाफे पुन्हा पडतील आणि नोव्हेंबरात पहिला पाला बाजारात येईल. त्याआधी कळवा ते तुर्भे या पट्ट्यातील नमुने गोळा करायचे ठरले, तर माझे काही माजी विद्यार्थी आणि मी विनामोबदला ते काम करायला तयार आहोत. दर वाफ्यातून पाच ठिकाणची, वीत खोलीपर्यंतची माती, प्लॅस्टिकच्या खुरप्याने काढलेली, आणि शेजारची एक जुडी. कोणत्या प्रयोगशाळेत आणून द्यायची, तेवढे संबंधित विभागाने सांगावे.

आपली,
एक निवृत्त वनस्पतिशास्त्र अध्यापिका
कळवा, ठाणे